जीपचा स्टॅबिलायझर रॉड : काढावा की ठेवावा?



गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांनी पाणंदीच्या चाकोऱ्या खोल जातात. अशा वाटेने जीप नेताना एखादं चाक अधांतरी राहून जागीच फिरतं. मग कुणीतरी सांगतं, ‘खालचा आडवा रॉड काढून टाका, गाडी मोकळी चालेल.’ हा सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा आम्ही येथे देत आहोत.

हा रॉड म्हणजे टोकांना वाकवलेली स्प्रिंग-पोलादाची कांब. मधला भाग रबरी बुशांनी चॅसीला धरलेला असतो आणि टोके लिंकने डाव्या-उजव्या चाकांच्या बाजूंना जोडलेली असतात. जुन्या विलीज जीपला तो नव्हता, तिचे पाटेच कडक होते. २०२० साली आलेल्या थारला मात्र तो पुढे आणि मागे, दोन्हीकडे आहे.

त्याचे काम ओले धोतर पिळण्यासारखे आहे. दोघांनी टोके एकाच दिशेने फिरवली तर पीळ बसत नाही. उलटसुलट फिरवली तरच बसतो. तसेच दोन्ही चाके एकदम वर गेली तर रॉड नुसता फिरतो. एकच चाक वर गेले की त्याला पीळ बसतो आणि तो विरोध करतो. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते, तेव्हा हाच विरोध तिला सावरतो. रॉड दिसायला किरकोळ, पण २० मिलिमीटरऐवजी २४ मिलिमीटरचा भरीव रॉड घातला तर हा विरोध दुपटीहून जास्त होतो.

रॉड काढला की खड्ड्यातले चाक आणखी खाली उतरते, जमीन धरते. पाणंदीत हा फायदा खरा आहे. पण डांबरी रस्त्यावर तीच गाडी जास्त कलते, आणि स्टिअरिंग वळवल्यावर जरा उशिराने वळते. एकदम डावीकडे घेऊन लगेच उजवीकडे घ्यावी लागली, तर सगळा भार या अंगावरून त्या अंगावर झोकांडतो. फक्त पुढचा रॉड काढला तर वळणावर मागच्या चाकांवर जादा ताण येऊन, ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू घसरण्याचा धोका वाढतो.

रँग्लर रुबिकॉन या जीपमध्ये २००७ च्या मॉडेलपासून पुढचा रॉड बटणाने सुटतो. परंतु वेग ताशी सुमारे २९ किलोमीटरच्या वर गेला की तो आपोआप पुन्हा जोडला जातो. यातच सगळा धडा आला : रॉड सोडायचा तो सावकाश चालण्यापुरताच.

म्हणून आमचे सांगणे असे :

१) रॉड कायमचा काढू नका. हाताने सुटणाऱ्या लिंक बसवून घ्या. रानात सोडा, डांबरीवर येण्याआधी जोडा.

२) सोडलेला रॉड नीट बांधा, टायरला किंवा ब्रेकच्या नळीला लागू देऊ नका. चाक जास्त खाली उतरल्यावर नळी ताणत नाही ना, तेही पाहा.

३) नुसती खटखट वाजते म्हणून रॉड काढू नका. बहुधा बुश किंवा लिंक झिजलेली असते, ती बदला.

हंगामात रात्री, मागे दिवा नसलेली ट्रॉली वळणावर अचानक पुढे येते. तेव्हा गाडी झटक्यात बाजूला घ्यावी लागते, आणि मागच्या सीटवर आपलीच पोरंबाळं असतात. रॉडची खरी गरज त्या घटकेला आहे. ट्रॉलीवाल्या सभासदांनीही मागे रिफ्लेक्टर लावावेत, ही विनंती.