संत्र्याची वाट आणि १९७२ चा व्यापारी करार

पांढुर्णा व सौंसर या भागांतील संत्री बांगलादेशात जातात, हे आपल्या सभासदांस सांगावयास नको. परंतु त्या देशाशी आपला पहिला व्यापारी करार झाला तेव्हा तेथे केवढा वाद माजला होता, हे फार थोड्यांस ठाऊक असेल.

१९७१ च्या डिसेंबरात बांगलादेश मुक्त झाला आणि २८ मार्च १९७२ रोजी हा करार झाला. त्यातील एका तरतुदीने सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस सोळा किलोमीटरच्या पट्ट्यातील रहिवाशांस नित्योपयोगी जिनसांची देवघेव करण्याची मुभा मिळाली. हेतू चांगला होता. पण युद्धाने पोळलेल्या त्या राज्यात टंचाई होती. सवलतीच्या आडून ताग, तांदूळ व मासळी चोरवाटेने भारतात जाते, असा आरोप होऊ लागला. मौलाना भासानी यांनी शेख मुजीबुर रहमान यांच्या सरकारवर टीकेची झोड उठविली. अखेर ऑक्टोबर १९७२ मध्ये ही मुभा काढून घेण्यात आली. पुढे १९७३ त नवा करार झाला, आणि १९७५ च्या आरंभापासून रुपयांतील हिशेब जाऊन व्यवहार मुक्त परकीय चलनात होऊ लागले.

टीकाकारांस केवळ भारतद्वेष्टे ठरविणे आम्हांस उचित वाटत नाही. चोरटा माल वाढला की रीतसर जकात भरणारा व्यापारीच आधी बुडतो, मग तो कोणत्याही देशाचा असो.

करार आणि जकात यांची मात्र गल्लत होऊ नये. कराराने वाट मोकळी होते. तिच्यावर जकात किती घ्यावयाची हे बहुधा ज्याचे त्याचे सरकार ठरविते. २०१९ ते २०२३ या काळात बांगलादेशाने संत्र्यावरील आयातशुल्क चौपटीहून अधिक केले. हे शुल्क किलोमागे असल्याने भाव पडला तरी ते कमी होत नाही. बारीक फळ त्यामुळे प्रथम बाजाराबाहेर जाते, आणि ते टिकाऊ नसल्याने मिळेल त्या भावाने येथेच विकावे लागते.

२०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या निर्यातदारांस या शुल्काच्या निम्म्याइतके अनुदान जाहीर केले. त्याच वर्षी पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, पण तो मध्यप्रदेशात. ती योजना शेजारच्या राज्याची. संत्रे सीमेच्या अलीकडचे की पलीकडचे, हे बेनापोलच्या नाक्यावर कोणी विचारीत नाही. तेव्हा आपले गाऱ्हाणे भोपाळइतकेच दिल्लीसही घातले पाहिजे, कारण परराष्ट्राशी जकातीची बोलणी राज्य सरकारे करीत नाहीत.