रंग पाहून नव्हे, कागद पाहून!

भिसेगावच्या माझ्या एका मैत्रिणीच्या माहेरची कर्जत बाजारातली जुनी इमारत विकायला निघाली. खाली तीन गाळे, वर राहती जागा, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी. भावांनी पदरचे पैसे घालून कौलं बदलली, सागवानी खांब घासूनपुसून पॉलिश केले, भिंती रंगवल्या. इमारत अशी काही नटली की गिऱ्हाइकांची रीघ लागली. मग एक दिवस मैत्रिणीकडे सहीसाठी कागद आला. वर लिहिलं होतं, 'हक्कसोडपत्र.'

''भाऊच आहेत, करून टाकू का गं सही?'' तिनं विचारलं. मी म्हटलं, ''अगं, आधी वाच तरी!''

मैत्रिणींनो, जुन्या इमारतीचं मोल नुसत्या रूपात नसतं. मुंबईत काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल आठवा. 1860च्या दशकात त्याचा बिडाचा सांगाडा थेट इंग्लंडहून बोटीनं आला. 7 जुलै 1896 रोजी भारतातला पहिला सिनेमा तिथेच दाखवला गेला. पुढे हॉटेल बंद पडलं, खोल्याखोल्यांतून भाडेकरू आले, देखभाल मागे पडली. 2005मध्ये दर्शनी भाग कोसळला. एवढं नाव, एवढा इतिहास, पण निगा राखणारं कुणी नसलं की काय उपयोग?

म्हणून अशी वास्तू घ्यायची असो वा विकायची, काही गोष्टी बघाच. जागा पाहायला दिवाळीत नको, भर जुलैत जा. आपल्याकडचा पाऊस रंगाखालची ओल बरोबर दाखवतो. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला असेल तर ओल आतच कोंडते. गाळ्यात जुने भाडेकरू आहेत का, ते विचारा. मालक बदलला म्हणून त्यांचा हक्क संपत नाही. सिटी सर्व्हे ऑफिसातून मिळकत पत्रिका काढा. वकिलाकडून निदान तीस वर्षांचे व्यवहार तपासून घ्या. आणखी एक, महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. पण ती राहत्या घराला, दुकानाच्या गाळ्याला नाही!

आणि आता सहीचं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क 2005च्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीनं देशभर दिला. महाराष्ट्रात तर 1994मध्येच तशी दुरुस्ती झाली होती. वडील 2005च्या आधी वारले असले तरी हा हक्क राहतो, असं सुप्रीम कोर्टानं 2020मध्ये स्पष्ट केलं. वडिलांची स्वकष्टाची मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आईही वारस असते. हक्कसोडपत्र एकदा रजिस्टर झालं, की मागे फिरणं फार अवघड.

माझ्या मैत्रिणीनं भांडण केलं नाही. ती आईला घेऊन वकिलाकडे गेली, मग भावांसमोर बसली. दुरुस्तीचा खर्च भावांनी केला होता, तो आधी वळता करायचा आणि उरलेल्यात सगळ्यांचा सारखा वाटा, असं ठरलं. खरेदीखतावर आईची आणि तिची, दोघींची नावं लागली.

यंदा भाऊबीजेला ती माहेरी गेली. ओवाळणीचं ताट नेहमीसारखंच होतं, म्हणाली. फक्त या वेळी मान जरा ताठ होती.