तिरपाल ताणताना: गाठ की हुक?

गणपती बसायला आता फार दिवस उरले नाहीत. घरोघरी गच्चीवर नाहीतर अंगणात तिरपाल ताणले जाईल, गौरी जेवतात त्या दिवशी पंगत त्याखाली बसेल, आणि बहुधा त्याच दुपारी पाऊस येईल. (आपण इथे तिरपालच म्हणतो. पुण्याचे पाहुणे ‘ताडपत्री’ म्हणाले की आपल्या मुलांना क्षणभर कळत नाही.) हल्ली हुक, कॅरॅबिनर, टर्नबकल, रबरी बंजी दोऱ्या हे सामान सहज मिळते. त्यामुळे तरुण मंडळी विचारतात, गाठी शिकायच्या कशाला? ज्येष्ठांचा मात्र लोखंडी सामानावर भरवसा नाही. मंडपाचे काम पाहणाऱ्या आमच्यासारख्यांचे मत असे: ज्या टोकाला पाऊस चालू असताना हात लावावा लागणार, तिथे गाठ हवी. जे टोक एकदा अडकवले की विसर्जनापर्यंत हलायचे नाही, तिथे हुक चालेल.

खरे तर हा विषय ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला परका नसावा. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. लष्कर, छावणी, कंपू ही आपल्या पत्त्यांतली नावे तिथलीच आहेत. तंबू ताणायच्या दोरीला मराठीत तणावा म्हणतात आणि जमिनीत ठोकायच्या खुंटीला मेख. हे तणावे सुती असत. सुती दोर भिजला की आखडतो, म्हणून पाऊस येण्याआधी तणावे थोडे सैल करावे लागत, नाहीतर मेखा उपटत किंवा कापड फाटे. आज आपण नायलॉनची दोरी वापरतो आणि तिचे वागणे नेमके उलटे आहे. नायलॉन भिजले की लांबते, ढिले पडते. म्हणजे तेव्हा पावसात दोरी सैल करावी लागे, आता ती ओढून घ्यावी लागते. दोन्ही वेळा कोणीतरी उठून दोरीला हात लावायचाच आहे. आमचा सगळा मुद्दा इथून निघतो.

दोरी ढिली पडली की तिरपालाला पोट सुटते आणि पोटात पाणी साचते. दोन मीटर रुंद आणि मध्यभागी फक्त १० सेंटिमीटर खोल असा खळगा धरा. त्यात दीडशे लिटरच्या वर पाणी मावते, म्हणजे पंगतीच्या डोक्यावर दीडशे किलोपेक्षा जास्त वजन लटकते. काठीने वर ढकलून पाणी सांडणे हा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो तात्पुरता. खरा उपाय दोन गोष्टींत आहे: तिरपालाला भरपूर उतार द्यायचा, आणि खालच्या बाजूची दोरी बसल्या जागी ताणता येईल अशी बांधायची.

आडवी दोरी अगदी तारेसारखी ताठ करण्याचा हट्टही सोडावा. मधोमध १० किलो लटकले आणि दोरी दोन्ही बाजूंना ३० अंशांनी खाली उतरत असेल, तर प्रत्येक टोकावर साधारण १० किलोच ओढ येते. तीच दोरी ५ अंशांइतकीच झुकत असेल तर ओढ ५७ किलोंवर जाते. कठड्याच्या कच्च्या विटा किंवा पाण्याच्या टाकीचा पाइप अशा वेळी हलतो, आणि दोष मात्र दोरीला मिळतो.

आता गाठींकडे वळू. चार-पाच गाठींची गरज नाही, दोन पुरतात.

पहिली सरकती गाठ. दोरीचे टोक खांबाभोवती फिरवून परत आणा आणि ताणलेल्या दोरीभोवती फासाच्या आतल्या बाजूने, खांबाकडे सरकत, दोन वेढे द्या. मग फासाबाहेर त्याच दोरीवर आणखी एक वेढा देऊन टोक आवळा. ही गाठ हाताने सरकवली की सरकते आणि सोडली की धरून राहते. दोरी ढिली पडली तर गाठ खांबापासून दूर सरकवायची, काम झाले. शिडी नको, पक्कड नको. नवी प्लास्टिकची दोरी गुळगुळीत असते, तिच्यावर आतला एक वेढा वाढवावा.

दुसरी ट्रकवाल्यांची. ट्रान्सपोर्ट नगरात माल झाकून उभे असलेले ट्रक पाहा, आग्रा-मुंबई रस्त्यावर शेकडो किलोमीटर वारा खाणारे तिरपाल तिथे दोरीनेच आवळलेले दिसेल. दोरीच्या मध्यावर एक छोटा फास करायचा, टोक खालच्या कडीतून किंवा खांबाभोवतून आणून त्या फासातून ओवायचे आणि ओढायचे. दोरी कप्पीसारखी काम करते, एकट्या माणसाची ओढ वाढते. शेवट सुरगाठीने करावा, म्हणजे एक टोक ओढताच सगळे सुटेल. निरगाठ इथे मारू नका. भिजून आवळलेली निरगाठ ऐन वावटळीत नखांनी सुटत नाही, मग विळी शोधायची वेळ येते. वारा तिरपाल पतंगासारखे उचलू लागला की ते वाचवण्यापेक्षा एक बाजू मोकळी करणे शहाणपणाचे, आणि तिथे सुरगाठीला पर्याय नाही.

गाठीचा एक तोटा मान्य करावा लागतो: वाकलेल्या जागी दोरीची ताकद चौथाईपासून जवळजवळ निम्म्यापर्यंत कमी होते. म्हणून जेमतेम पुरेल अशी बारीक दोरी घेऊ नये. सुतळी तर झालर आणि तोरणापुरतीच ठेवावी.

हुकांपैकी कॅरॅबिनर आम्हाला सर्वांत आवडतो, कारण त्याचे तोंड स्प्रिंगने मिटते. तिरपाल रोज रात्री उतरवायचे असेल तर वरच्या कोपऱ्यांना तोच लावावा, मुलेही लावू-काढू शकतात. मात्र किल्ल्यांच्या जुडग्याला मिळतो तो दिखाऊ हुक वेगळा. भार घेणाऱ्या कॅरॅबिनरवर किलोन्यूटनमध्ये आकडा कोरलेला असतो, एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलो. एस आकाराचा उघडा हुक टाळावा. तिरपाल फडफडले की तो निसटतो आणि मग दोरीच्या टोकाला लोखंड गरगर फिरते. बंजी दोरी झटका सोसते हे खरे, पण तिचा हुक सुटला तर थेट डोळ्यावर येतो. शिवाय आपल्या उन्हाळ्यात गच्चीवर विसरलेले रबर लवकर तडकते. टर्नबकल कायमच्या तारेसाठी उत्तम, चार दिवसांच्या मंडपासाठी उगाच खटाटोप. आणि विजेच्या तारा जवळून जात असतील, जशा जुन्या लष्करातल्या गल्ल्यांत जातात, तिथे लोखंडी तार मुळीच नको.

गाठ आणि हुक यांच्या वादात आयलेट, म्हणजे तिरपालाच्या कडेचे ते छिद्र, विसरले जाते. बहुतेक वेळा आधी तेच फाटते. फाटले तर नवे तिरपाल आणू नका. कोपऱ्यात एक गुळगुळीत गोटा किंवा सुपारी ठेवा, वरून कापड गुंडाळा आणि त्या गाठोड्याच्या मानेभोवती दोरी आवळा. ओढ छिद्रावर न येता कापडावर पसरते.

वर्षासहलीत झाडांना झोळी बांधून वर तिरपाल ताणणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे, शिवाय त्यांच्याकडून घेण्यासारखी एक युक्ती आहे. पावसाचे पाणी दोरीवरून ओघळत झोळीपर्यंत येते. म्हणून ती मुले तिरपालाच्या आत, झोळीच्या थोडे अलीकडे, दोरीला सुती चिंधी बांधून तिचे टोक लोंबते सोडतात, आणि पाणी तिथेच गळून जाते. मंडपात जी दोरी विजेच्या बोर्डाकडे किंवा माळांकडे उतरते, तिला अशी चिंधी जरूर बांधा.

विसर्जनानंतर दोऱ्या कापून काढू नयेत. गाठी सोडून, सावलीत वाळवून, सैल वेटोळे करून ठेवावे. उन्हाने दोरी कडक झाली असेल, हात फिरवताना तुसे टोचत असतील, तर ती कपडे वाळत घालायला वापरा, मंडपाला नको. नायलॉनची टोके काडीने जरा वितळवून घ्यावी, सुती दोराच्या टोकांना जाड दोरा गुंडाळावा. हुकांना तेलाचा हात लावून डब्यात ठेवावे आणि डब्यावर नाव लिहावे, कारण पुढच्या वर्षी तो डबा शेजाऱ्यांकडे सापडतो.