पोटाचा घेर आणि हृदयाचे आरोग्य

संयुत्त निकायात कोसल नरेश पसेनदी याची एक हकीकत आहे. राजाला द्रोणभर भाताचे जेवण लागे. एकदा असेच भरपेट जेवून, धापा टाकीत तो भगवंतांच्या भेटीस आला. भगवंत रागावले नाहीत. जेवणात प्रमाण राखण्याविषयी एक गाथा तेवढी त्यांनी सांगितली. राजाने ती सुदर्शन नावाच्या तरुणास पाठ करावयास लावली आणि रोज जेवतेवेळी ऐकविण्याबद्दल त्यास शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजाचे जेवण नाळीभर भातावर आले व अंग हलके झाले.

आमची अडचण मात्र पसेनदीपेक्षा अवघड आहे. चाळिशी ओलांडलेले आम्ही पुष्कळजण लठ्ठ दिसतच नाही. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे! पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बी. एम. आय., दोघांचाही २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी धावत ती गाठणे, असे त्यात थट्टेने नमूद आहे.

यात केवळ आळसाचा दोष नाही. याज्ञिकांचे जन्माच्या वेळचे वजनही कमी होते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके त्यांच्या चमूने मोजली, तेव्हा ती इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरीच हलकी भरली. मात्र त्यांचे स्नायू जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. आईच्या पोटातच उपासमार झालेले शरीर चरबी राखून ठेवते, असा याचा अर्थ लावला जातो. मराठवाड्यात १९७२ च्या दुष्काळात आईच्या पोटी असलेली पिढी आज पन्नाशीत आहे. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या आयांची ही लेकरे आता खुर्चीत बसून नोकऱ्या करतात. आमच्या समाजाने हे विशेष ध्यानात घ्यावे.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर कातडीखालची चरबी ही मुदत ठेव. आतड्यांभोवतीची चरबी हे चालू खाते. तेथून स्निग्धाम्ले थेट यकृतात जातात. रक्तातील साखर व ट्रायग्लिसराइड वाढते, चांगले कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाब चढतो आणि हृदयाच्या धमन्या अरुंद होत जातात. वजनकाट्यावर यातले काहीच दिसत नाही.

१९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी आढळला. पुढे १९५६ मध्ये त्यांनी गणवेशांची मापे पाहिली, तर चालकांच्या विजारींचा घेर मोठा! आमच्या शाखेत हा हिशेब मांडला तर चालक म्हणजे आम्ही आणि वाहक म्हणजे आमचा शिपाई.

तेव्हा घरी शिंप्याची टेप घ्यावी. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजावे. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रियांचा ८० सेंटिमीटर यांच्या आत असावा. पँटचे माप धरू नये. ती आपण पोटाखाली नेसतो! भगिनींनी घरकामालाच व्यायाम समजू नये. पाळी गेल्यावर त्यांचाही धोका वाढतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. आठवड्यास निदान १५० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालावे. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. निरोगीपणा व अन्नाचे पचन हे त्यांतलेच दोन. दोन दिवस जोर-बैठकाही काढाव्यात, कारण स्नायू वाढले की साखर खपते. वजन लगेच उतरले नाही तरी चालणे सोडू नये; दम वाढला की हृदयाला लाभ होतोच. नागसेनवनाचा परिसर आहे, विद्यापीठाचा रस्ता आहे. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

विद्यापीठामागील बुद्ध लेण्यांच्या पायऱ्या चढताना छातीत दडपण आले, डावा हात किंवा जबडा दुखला, दरदरून घाम फुटला, तर गॅस झाला म्हणून सोडा पीत बसू नये. तिथेच थांबावे, सोबत्याला सांगावे आणि थेट रुग्णालयात जाऊन ई. सी. जी. काढून घ्यावा.