माणूस खडकात, पण खडक केव्हाचा?

वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटाच्या किनाऱ्यावर चुनखडकात रुतलेला मानवी सांगाडा सापडला. चार्ल्स कोनिग यांनी १८१४ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. टणक खडकात माणूस म्हणजे तो लक्षावधी वर्षांपूर्वीचा, असे कोणालाही वाटेल. पण तो खडकच मुळी अलीकडचा होता.

हे कसे घडते? उष्ण प्रदेशांतील कित्येक किनाऱ्यांवरची वाळू म्हणजे प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट. तेथील उथळ, उबदार समुद्राच्या पाण्यातही हा पदार्थ मावेल त्याहून जास्त विरघळलेला असतो. ओहोटीच्या वेळी वाळूच्या कणांमध्ये अडकलेले पाणी उन्हाने तापते, थोडे वाफ होऊन जाते आणि सोडावॉटरमधून निसटावा तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो. मग कॅल्शियम कार्बोनेट विरघळलेले राहू शकत नाही. कणाकणाभोवती त्याचे सुईसारखे स्फटिक वाढतात आणि एकमेकांत गुंततात. पुढची भरती ताजे पाणी आणतेच! काही दशकांतही वाळूचा खडक बनू शकतो. अशा खडकांत आधुनिक काचेच्या बाटल्यासुद्धा सापडल्या आहेत.

या सुया ॲरागोनाइट नावाच्या खनिजाच्या असतात. कॅल्साइटही कॅल्शियम कार्बोनेटच, शिवाय अधिक स्थिर. मग आधी तेच का बनत नाही? समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या एका आयनामागे मॅग्नेशियमचे सुमारे पाच आयन असतात. ते कॅल्साइटच्या स्फटिकांची वाढ रोखतात. ॲरागोनाइटला त्यांचा फारसा अडथळा होत नाही.

पुढे खडक समुद्राबाहेर आला आणि त्यात पावसाचे पाणी मुरू लागले, की चित्र पालटते. या पाण्यात मॅग्नेशियम अगदी थोडे. ॲरागोनाइट विरघळते आणि जवळच कॅल्साइट साचते. बाहेरून शिंपला तसाच दिसतो, पण आतला पदार्थ बदललेला असतो.

खरी गोम येथेच आहे. कोकणातही पुळणीलगत शिंपल्यांचे असे खडक आहेत. पूर्वी समुद्राची पातळी कोठे होती, हे ठरवताना त्यांतील शिंपल्यांचे वय किरणोत्सर्गी कार्बनवरून काढतात. बदललेल्या शिंपल्यात नंतरचा कार्बन शिरलेला असेल, तर वय चुकते. म्हणून मुळात ॲरागोनाइटचा असलेला शिंपला अजून तसाच आहे ना, हे आधी क्ष-किरणांनी तपासतात. व्हिनेगरचे थेंब टाकून हे कळणार नाही. दोन्ही खनिजे सारखीच फसफसतात.