चाकं टेकल्यावर

हैदराबादच्या आम्हा चिक्कडपल्लीकरांच्या मनात विमानतळ म्हणजे अजून बेगमपेटच. हुसेनसागराला वळसा घातला की आलाच. लहानपणी घरांच्या गच्च्यांवरून खाली उतरणारी विमानं तिथे पाहिली आणि एकच प्रश्न डोक्यात बसला: एवढं धूड थांबतं कसं? 23 मार्च 2008 ला प्रवासी विमानं शमशाबादला गेली, 4,260 मीटरच्या धावपट्टीवर. प्रश्न मात्र माझ्याजवळच राहिला.

एअरबस ए-320 उतरताना साधारण 65 टनांचं असतं आणि वेग ताशी 250 किलोमीटरच्या आसपास. या धावेतली ऊर्जा घरच्या वीजमीटरवर मोजली तर 44 युनिट भरते. घरात कित्येक दिवस पुरणारी ही वीज अर्ध्याएक मिनिटात जिरवायची असते.

सुरुवात पंखांपासून होते. चाकं टेकताच पंखाच्या पाठीवरच्या फळ्या ताडकन उभ्या राहतात. हे स्पॉयलर. ते हवा अडवतातच, पण त्यांचं मोठं काम म्हणजे पंखांची उचल मोडणं. तोवर विमानाचा बराच भार हवेने पेललेला असतो. तो चाकांवर आल्याशिवाय ब्रेक लावले तर चाकं नुसती घसरतील. थांबायचं तर आधी जड व्हायचं, ही कल्पना मला सगळ्यांत सुंदर वाटते.

मग ती छातीत धडकी भरवणारी गर्जना. इंजिन उलटं फिरत नसतं. पंख्याची हवा बाजूने पुढच्या दिशेला वळवलेली असते. ओल्या धावपट्टीवर टायरची पकड सुटते तेव्हा हा रिव्हर्सर फार कामाला येतो. तरी मुख्य भिस्त त्याच्यावर नाही. ए-380 ला इंजिनं चार, पण रिव्हर्सर फक्त आतल्या दोघांना.

भिस्त ब्रेकवर. चाकाच्या पोटात चकत्यांची चळत असते, एक फिरती, एक स्थिर. हायड्रॉलिक दाबाने त्या एकमेकींवर आवळल्या जातात आणि धाव उष्णता होऊन बाहेर पडते. चाक अडकू लागलं की अँटिस्किड क्षणभर दाब सोडतो. उष्णता हाताबाहेर गेली तर चाकातली बुचं वितळतात, टायरमधला नायट्रोजन निघून जातो आणि टायर फुटत नाही.

मोठ्या विमानांत आता या चकत्या बहुधा कार्बनच्या असतात: पोलादाहून हलक्या, तापल्यावरही दमदार. ही विद्या आपल्या शहरातही आहे. अग्नी क्षेपणास्त्राचं नाक वातावरणात परतताना तगावं म्हणून कार्बन-कार्बन वापरलं गेलं. त्याच पदार्थाच्या ब्रेक-चकत्या कांचनबागच्या अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स लॅबोरेटरीने ‘तेजस’ या लढाऊ विमानासाठी घडवल्या. विमान लहान, तत्त्व तेच.

चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना अग्नीच्या पहिल्या चाचणीचं साल, 1989, पाठ असतं. त्यांना या चकत्यांबद्दलही कुणीतरी सांगा.