पहिल्या माणसाच्या आधीची माणसे

देवास जिल्ह्यातील बागली हे गाव माळव्याच्या पठाराच्या दक्षिण कडेला वसले आहे. याच परिसरात उगम पावलेली काळी सिंध उत्तरेकडे चंबळेस जाऊन मिळते; आणि थोडे दक्षिणेस गेले की विंध्याचा उतार लागून सारे पाणी नर्मदेकडे धावू लागते. या डोंगराळ भागात भिल्ल, बारेला यांच्याबरोबर कोरकू लोकांचीही वस्ती आहे. त्यांच्या मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकापुढे एक प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो. घरी ऐकलेल्या कथेतला पहिला माणूस आणि पाठ्यपुस्तकातला आदिमानव, यांत आधीचा कोण? ‘कथा खोटी आहे’ असे सांगून मुलाला गप्प करणे सोपे आहे, आणि ‘दोन्ही खरे’ म्हणून प्रश्न टाळणे त्याहूनही सोपे आहे. आम्हांस ही दोन्ही उत्तरे पटत नाहीत.

कोरकूंची उत्पत्तिकथा रसेल व हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात नोंदविली आहे. लंकेचा राजा रावण याने विंध्य-सातपुड्याचे डोंगर निर्मनुष्य पाहिले आणि ते वसवावेत अशी महादेवाला विनंती केली. महादेवाने कागेश्वर नावाच्या कावळ्याला तांबड्या मातीचे वारूळ शोधावयास धाडले. ते बैतुलकडील भँवरगडाच्या डोंगरात सापडले. त्या मातीच्या स्त्री-पुरुषांच्या मूर्ती महादेवाने घडविल्या. पण इंद्राने पाठविलेल्या दोन अग्निमय घोड्यांनी त्या तुडवून टाकल्या. दोन दिवस हेच चालले. अखेर महादेवाने आधी मातीचा कुत्रा केला, त्यात प्राण फुंकला, आणि त्या कुत्र्याने घोड्यांना रोखून धरले. मग जी जोडी जिवंत झाली तिची नावे मुला आणि मुलई. तीच कोरकूंची मूळ माता-पिता.

आता कथा नीट वाचावी. पहिला माणूस जन्मण्यापूर्वीच तिच्यात एक राजा आहे, आणि राजा म्हटला की त्याची प्रजा आली. पृथ्वी ओस होती असे कथा कोठेही म्हणत नाही. हे डोंगर ओस होते, एवढेच ती म्हणते. ‘कोरकू’ या शब्दाची फोडही येथे उपयोगी पडते. कोरो म्हणजे माणूस. कू हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे ‘माणसे’. आपल्या जमातीचे नाव आणि मानवजातीचे नाव ज्या भाषेत एकच आहे, तिच्यात ‘पहिला माणूस’ याचा अर्थ ‘आमच्यातला पहिला’ असाच होणार. मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच्याच भाषेत असे दडलेले आहे.

हे एकट्या कोरकूंचे नव्हे. ‘मानव’ हा शब्द आपण मनूवरून घेतला; पण शतपथ ब्राह्मणातील मनू जलप्रलयातून वाचलेला एकटा पुरुष आहे, म्हणजे बुडालेली प्रजा त्याच्या आधीची. पुराणांनी तर चौदा मनू मानले आणि आपला वैवस्वत मनू सातवा ठरविला. बायबलमध्ये भावाचा वध केलेला काइन आपणांस कोणी ठार मारील म्हणून भितो, बायको करतो, नगर वसवितो. तेव्हा भ्यावयाचे कोणाला, आणि नगरात राहावयाचे कोणी? 1655 साली इझाक ला पेरेर या फ्रेंच लेखकाने आदामापूर्वीही माणसे होती, आदाम हा केवळ यहुद्यांचा मूळपुरुष, असे ग्रंथ लिहून मांडले. ग्रंथ जाळला गेला, लेखक कैदेत पडला आणि पुढे रोमला जाऊन त्याला आपले मत मागे घ्यावे लागले. त्याच्या जेमतेम चाळीस वर्षे आधी, 1616 साली, फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले जाऊन आदामाची कथा मराठी ओवीत आली होती.

भूमीचा पुरावा निराळ्या जातीचा आहे. 5 डिसेंबर 1982 रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना देवासच्या शेजारच्या सिहोर जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावरील हथनोरा येथे मानवी कवटीचा वरचा भाग सापडला. तिच्या वयाचे अंदाज दीड लाखापासून पाच लाख वर्षांपर्यंत पसरलेले आहेत, आणि ती मानवाच्या कोणत्या जातीची याबद्दलही विद्वानांत एकमत नाही. ती आपल्यासारख्या माणसाची मात्र नव्हे. तेव्हा ‘आपल्या आधी माणसे होती काय’ याचे उत्तर ‘होती’ असे निःसंकोच द्यावे.

परंतु त्यांतला पहिला कोण, हे विज्ञानाला विचारू नये. त्याच्यापाशी पहिला माणूसच नाही. मराठीच्या शिक्षकांना हे समजावयास कठीण जाऊ नये. महाराष्ट्री प्राकृत आणि अपभ्रंश यांतून मराठी झाली. पण आई अपभ्रंश बोलत होती आणि लेक मराठी बोलू लागली, असे कोणत्याही घरात घडले नाही. प्रत्येक पिढीला मागच्या पिढीचे बोलणे कळत होते. जातींचे बदलणेही असेच असते.

काही मंडळी दशावतारांत उत्क्रांतिवाद शोधतात, तसा कोणी या कथेतही शोधील. कुत्रा माणसाच्या आधीचा असे कथा सांगते. लांडगा माणसाळून कुत्रा झाला तो माणूस आल्यानंतर पुष्कळ काळाने. येथे दोघांचा मेळ बसत नाही, आणि तो बसवूही नये. रानात राखणीला कुत्रा असल्याशिवाय माणसाचा टिकाव लागत नाही, हे डोंगरात राहणाऱ्यांनी अनुभवाने जाणले होते. कुत्र्याला दिलेला पहिला मान त्यातून आला असावा, असा आमचा तर्क आहे.

म्हणून मुलाने विचारलेच, तर त्याला आधी कथा पुरी सांगू द्यावी, आणि मग रावणाची प्रजा कोठून आली हे त्यालाच विचारावे. पुढच्या तासाला नकाशा काढून नर्मदेच्या दक्षिणेस भँवरगडाचे वारूळ आणि उत्तर तीरावर हथनोरा, अशी दोन्ही ठिकाणे त्याच्याकडून दाखवून घ्यावीत.